पहिला वाटसरू

मानमोडीच्या तापानं जव्हार संस्थानातली कितीतरी खेडी ओस पाडली, आणि उरलेल्यांना शहाणपण सुचलं ते नेहमीसारखं वरातीमागून घोडं. खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर माणसं मरायची थांबली, तेव्हा कुठं काळ्या भगतानं शीव बांधली. वाटेवर काटे टाकले, काट्यांपुढे राखेचा रुंद पट्टा ओढला आणि सांगितलं, "दूरचा वाटसरू यील. एकटा. आपल्या दारात भात खाईल, नि पल्याडच्या शिवंवरून धडधाकट निंगून जाईल. मंग वाट मोकळी. तवर कोणी भायेर पाय टाकायचा नाय."

उन्हाळा गेला, पाऊस गेला, भात कापणीला आला, तरी वाटसरू फिरकला नाही. फिरकणार कोण? पूर्वी या वाटेनं नाशिककडचे व्यापारी, यात्रेकरू, जव्हारचा दसरा बघायला निघालेले हौशी लोक जायचे. आता ज्याला त्याला आपला जीव प्यारा.

रामी मात्र रोज वाट बघायची. नवरा तापाच्या पहिल्याच आठवड्यात गेला होता, आणि एकुलती एक पोर, पोशी, जामसरला दिलेली. जामसर काही सातासमुद्रापार नाही, पण वर्ष झालं तरी पोरीची खबर नव्हती. रामीनं भगताच्या नाकदुऱ्या काढल्या, त्याच्याशी भांडली, एकदा थेट काट्यांपर्यंत जाऊन परत आली. नेम मोडला आणि पुन्हा कोणी दगावलं, तर सगळ्या पाड्याचा तळतळाट तिलाच लागणार होता. तेव्हा एक वाटसरू धाड, एवढंच ती वाघोबाला मागायची.

राख बघायची पाळी रोज एका घराची. सकाळी जायचं, पट्ट्यावर पाऊल उमटलंय का बघायचं आणि भगताला सांगायचं. त्या दिवशी पाळी रामीची होती. दिवस कासराभर वर आला होता. शिवेवर वाघोबा कोरलेल्या लाकडी पाटाशी एक म्हातारा जोड्यातली माती झटकत बसलेला तिला दिसला आणि तिचा जीव सुपाएवढा झाला.

"कठं चाललास, बाबा?"

"मुलूख बघायला निघालोय," म्हातारा म्हणाला. त्याचं नाव दामोदरपंत, राहणारा नाशिकचा. "घरात पाच माणसं होती. मानमोडीनंतर मी एकटा उरलो. भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा डोंगर बघावेत म्हटलं. जव्हार पाहिलं, आता परतीची वाट."

नुसते डोंगर बघायला कोणी एवढं चालतं, हे रामीला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं. पण खुळा असेना का, वाटसरू तर होता. तिनं राखेकडे पाहिलं.

जोड्यांचे मोठे, फताडे ठसे उमटले होते. त्यांच्या शेजारून, पावलागणिक पाऊल टाकत, कोणा बाईची अनवाणी पावलं आली होती.

"संगं कोण हाय?"

"छे, एकटाच." मग म्हातारा जरा ओशाळून हसला. "खरं सांगू? परवा जामसरला राहिलो ना, तेव्हापासून एकटं वाटलंच नाही. तिथं चिंचेखाली एक घर उघडं पडलंय. आतली माणसं मागच्या कार्तिकातच गेली म्हणे, सगळीच्या सगळी. त्या ओसरीवर झोपलो. निघताना आपलं उगाच त्या रिकाम्या घराला म्हणालो, चला, सोबत होईल. तेव्हापासून पायसुद्धा दुखले नाहीत बघ."

पोशीला चिंचेखालच्याच घरात दिलं होतं. रामीनं राखेवर वाकून ती अनवाणी पावलं पुन्हा पाहिली. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. पोशी सहा वर्षांची असताना कोयता निसटला होता, आणि तो रामीच्याच हातून.

भगताला सांगावं, तर तो म्हाताऱ्याला आल्या वाटेनं हाकलणार, आणि त्याच्याबरोबर पोशीही जाणार, त्या ओस घरात. न सांगावं, तर शिवेच्या आत काय येणार हे रामीला ठाऊक होतं. मेलेलं माणूस नुसतं भेटायला येत नाही, कोणाला तरी न्यायला येतं, एवढं पाड्यावरचं शेंबडं पोरही जाणतं. वाचलेली माणसं तिच्या डोळ्यांपुढून गेली, शेजारची वेणू, तिची तान्ही पोर. रामीला त्यांची दया आली, लाजही वाटली. तरी तिनं तळहातानं ती छोटी पावलं एकेक करून पुसली आणि मगच भगताला हाक मारली.

पंतांनी रामीच्या दारात पोटभर भात खाल्ला. उठताना त्यांनी शेजारी वळून पाहिलं आणि सोबत सुटल्यासारखे ते जरा गोंधळले. पलीकडच्या शिवेवर सगळा पाडा जमला. तिथल्या राखेच्या पट्ट्यातही फक्त जोड्यांचे ठसे उमटले. "खांद्यावरची पडशी एकदम जड झाली," असं काहीतरी पुटपुटत म्हातारा वळणाआड गेला.

"एकला आला, एकला गेला!" काळ्या भगतानं नारळ फोडला. ढोल वाजला, काटे निघाले. वर्षभर कोंडलेली माणसं हसत होती, रडत होती. आठवड्याभरात दोन व्यापारी आणि यात्रेकरूंची एक टोळी येऊन गेली. वाटसरूंची पडवी पुन्हा सारवली गेली.

बाजाराच्या दिवशी वेणू पोरीला कडेवर घेऊन रामीच्या दारात आली. "चल गं, खोडाळ्याचा बाजार करू, नि तशीच तू पुढं जामसरला जा. वरीसभर रडलीस ना त्याच्यासाठी?"

"आता कशाला?" रामी दार अडवून उभी होती.

तिच्या पाठीमागे, घरात, जातं फिरत होतं. वेणूनं कान दिला. "आत कोण दळतंय गं?"

जातं थांबलं. वेणूची पोर रामीच्या खांद्यावरून आत बघून खुदकन हसली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले, कोणी घ्यायला आल्यावर करतात तसे.

रामीनं धाडकन दार लावून घेतलं. आतून तिचा आवाज आला, "तिला नको, पोशी. मी हाय ना."