सलूनवाल्याचा बाप

आई गेली आणि सलूनवाल्याचा बाप कोण, हे सांगणारं माणूसच उरलं नाही. जिवंत होती तोवर विचारलं की एवढंच म्हणायची, "मी आहे ना?" आता त्याच्या मुलीने घराण्याची वंशावळ मांडायला घेतली होती. बायकोच्या बाजूला पार खापरपणजोबांपर्यंत माणसांची रांग, आणि याच्या बाजूला आईशेजारी कोरी चौकट. पन्नाशी उलटलेला माणूस, पण ती चौकट बघितली की त्याचा जीव कासावीस व्हायचा.

संशय एकावरच होता. समोरच्या दुकानातला म्हातारा घड्याळजी. लग्न न केलेला, आईशी बोलताना नजर खाली ठेवणारा, आणि दाढी वाढो न वाढो, दर आठवड्याला याच्या खुर्चीत येऊन बसणारा. कान याच्यासारखेच, पुढे आलेलं कपाळही तसंच. आता तो अंथरुणाला खिळला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. आत्ता नाही कळलं तर कधीच नाही, या धास्तीने सलूनवाला त्याच्या घरी गेला, केस कापून दिले, त्यातले चिमूटभर पाकिटात भरले, स्वतःचेही घातले आणि गुपचूप डीएनए तपासणीला पाठवले.

उत्तर आलं, कापलेल्या केसांचा उपयोग नाही, मुळासकट उपटलेले लागतात.

"उभा जन्म केसांत गेला तुमचा," मुलगी म्हणाली. "पाठवायच्या आधी मला तरी विचारायचं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खंगलेल्या म्हाताऱ्याचे केस उपटायला त्याचं मन धजेना. शेवटी तोंडातली लाळ घ्यायला मुलीने मागवलेली कापसाची काडी घेऊन तो पलंगाशी बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

घड्याळजीने काडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "विचारायला एवढा उशीर केलास होय रे?"

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत कुठलं? तुझ्या आईला किती वेळा विचारलं. ती उठून जायची. पण मी आपलं मनाशी धरलंय. उगाच का दर आठवड्याला तुझ्या वस्तऱ्याखाली मान देत होतो?" त्याने आ केला. "घे. मलाही कळू दे."

काडी गेली आणि दोघांचाही जीव टांगणीला लागला. सलूनवाल्याचं कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशीच उडाली.

मुलीने निकाल वाचला, पुन्हा वाचला. "नाही," ती म्हणाली. "नातंच नाही. लांबचंसुद्धा नाही."

खरं काय ते सांगायचं, असं ठरवूनच तो घड्याळजीकडे गेला. म्हातारा धापा टाकत होता.

"काय आलं?"

सलूनवाल्याने त्याच्या गालाला साबण लावायला घेतला, पण मध्येच ब्रश खाली ठेवला.

"तुमचाच आहे मी."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "मग एकदा बाबा म्हण की मला."

हा शब्द जन्मभर त्याच्या ओठांवर होता, म्हणायला माणूस नव्हतं. "बाबा," तो म्हणाला आणि हमसाहमशी रडायला लागला, कारण आता विचारावं असं जगात कुणीच राहिलं नव्हतं. घड्याळजी थकल्या हाताने त्याची पाठ थोपटत राहिला. त्याला वाटलं, पोरगं आनंदाने रडतंय.