शहाडच्या मिलचा जुना बोर्ड

शहाडच्या कापड मिलमधला विजेचा जुना बोर्ड मोडीत काढायचा हुकूम निघाला आणि वायरमन महिपतच्या अंगाचा तिळपापड झाला. नवा बोर्ड विलायतेहून यायला सहा महिने, तोवर मिल बंद. तीनशे घरांच्या चुली विझणार, आणि मॅनेजर प्रभाकरपंत म्हणे, "धीर धरा!" यांच्या बापाचं काय जातंय!

"साहेब, स्विचांची तोंडं तेवढी जळलीत," महिपत म्हणाला. "ती बदलू. मागची दगडी पाटी, तांब्याच्या पट्ट्या ठणठणीत आहेत."

"पाटीतून करंट झिरपतोय. मीटर खोटं बोलतं काय?" पंत हसले. "बरं, घे हा रविवार. सोमवारी बघू."

रविवारी लाइन बंद करून महिपत आणि सहदेव फिटरने बोर्ड खोलला. सहदेवने कानस मारमारून नवी तोंडं चपखल बसवली. मीटर लावलं, तर काटा जागचा हलेना! करंट झिरपायचा थांबला असता, तर तो वर चढला असता. वैतागून महिपतने पाटीमागे हात घातला. बोटं चिकट झाली. खरवडलं तर लालपिवळा थर निघाला. हळद, कुंकू, नारळाचं पाणी! दर दसऱ्याला बोर्डावर नारळ फोडायचा, पाणी शिंपडायचं, अशी सोळा वर्षं गेली. फोडणारा कोण? तो स्वतःच. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गुपचूप धुऊन टाक," सहदेव कुजबुजला. "कुणाला कळतंय?"

"अन् पुढच्या दसऱ्याला पुन्हा फोडतील, त्याचं काय?"

स्पिरिटने पाटी पुसून, शेगडीची धग देऊन त्याने ती खडखडीत सुकवली.

सोमवारी सगळ्यांदेखत मीटर लागलं आणि काटा सरसर चढला. "केलंस तरी काय?" पंतांनी विचारलं. महिपतने सगळं सांगून टाकलं.

"देवाच्या नारळाला दोष देतोस?" मागांवरचा मुकादम विश्राम जॉबर खवळला.

"देवाला कशाला? माझीच अक्कल शेण खायला गेली होती. यापुढं पूजा फुलाची. बोर्डावर नारळ आणणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे!"

पंतांनी चष्मा काढला. "म्हणजे बोर्ड तूच बिघडवलास. नोकरी जाईल, कळतंय का?"

"कळतंय. मला काढा. बोर्डाला हात लावायचा नाही."

आणि कुणालाही न विचारता त्याने मोठा खटका ओढला. माग खडखडू लागले.