घरगुती भरमार

भरमार हा शब्द माह्या तोंडातून निघाला होता, पायलच्या नाई. हे आधीच सांगून टाकते, कारण पायलचे बाबा आजही पोरीच्या कॉम्प्युटरले दोष देतात.

गोष्ट दोन हजार नऊ सालची. आमचं गाव मार्कंड्याच्या बाजूले, वैनगंगेच्या काठी. पायलचे बाबा, धनराज, डोंग्यातून मासे धरतात. मी जत्रेत नारळ-फुटाण्याचं दुकान लावते. पायल एकुलती एक, अन् ती त्या साली पोलीस भरतीत निघाली. धावली, गोळा फेकला, पेपर दिला, यादीत नाव आलं. आता एकच राह्यलं होतं. ठाण्यातून माणूस घरी येणार, घर कसं, माणसं कशी, कोणावर केस तं नाई, हे विचारून जाणार. त्याले व्हेरिफिकेशन म्हणतात. कोणत्या दिवशी येतील ते सांगत नाई, या हप्त्यात येतील एवढंच सांगितलं होतं.

त्याच हप्त्यात घर खाली करून राह्यलो होतो. जुने कवेलू काढून वर स्लॅब टाकायचा होता. घर खाली कराले घेतलं अन् समजलं की वीस-बावीस वर्षांत आपण काय काय कोंबून ठेवलं. ब्लॅक-व्हाइट टीव्ही, दोन टेबलफॅन, लग्नात आलेल्या सात भिंतघड्या, तीन लेमन सेट, कूलरचा सांगाडा, दोन खाटा, पायलचे लहानपणापासूनचे कपडे. मी म्हटलं, भंगारवाल्याले देऊन टाकू. पायल म्हणे, "आई, तो किलोनं नेते. नेटवर टाकू, पाहिजे तो माणूस घरी येऊन घेऊन जाते."

तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. मंग मीच तिच्यासंग चामोर्शीच्या कॅफेत गेली. ती टाइप करे अन् मी बाजूच्या स्टुलावर बसून सांगे.

"लिही, गंज सामान आहे."

"आई, नागपूरचे लोक वाचतील. गंज म्हणजे त्यायले पुष्कळ नाई, लोखंडाचा वाटंल."

"मंग लगित लिही."

"ते तं मूल गावाच्या पलीकडं कोणाले समजत नाई."

"टीव्हीवर तो जाहिरातवाला म्हणते ना, भरमार. तसं लिही. घरगुती भरमार सामान विकणे आहे."

मोठी हुशारी केली असं वाटून राह्यलं होतं मले. वरच्या ओळीत अक्षरं मावली नाईत अन् 'सामान' गळलं. इंग्रजी अक्षरात राह्यलं ते एवढंच: घरगुती भरमार विकणे आहे. खाली गावाचं नाव, मोबाइल नंबर, अन् त्याच्या खाली पंखा, टीव्ही, घड्या. दोघींनी वाचलं. दोघींले काहीच खटकलं नाई. आमचं सारं ध्यान सामानात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मोबाइल माह्याजवळच होता, पायल धावाले गेली होती. माणूस हळू आवाजात बोले, शेजारी कोणी झोपलेलं असावं तसा.

"भरमारचं लिहिलं ते तुमीच का?"

"हो भाऊ, आमीच."

"खरी आहे?"

"खोटी काऊन असन? येऊन पाहा ना."

"चालू आहे का?"

मले वाटलं, पंख्याचं विचारते. "एक चालू आहे. दुसरा अडकते, थोडं तेल टाकलं की बरोबर होते."

"दोन आहेत?"

"अवो भाऊ, भरमार म्हटल्यावर दोनच राहतील का? गाडी घेऊन या, गाडी."

मले वाटलं, फोन कटला. मंग म्हणे, "आमाले एकच पाहिजे. नाई चालली तरी चालते. दिसली पाहिजे फक्त."

आता असं गिऱ्हाईक मी जत्रेत बी नाई पाहिलं. चालो न चालो, दिसली पाहिजे म्हणते. मी हसली बी. तो म्हणे, "उद्या दुपारच्या बसनं येतो. एटापल्लीकडून येतो, उशीर होईल. घरी बाहेरचं कोणी ठेवू नका बाई." अन् फोन ठेवला.

पायल आली तशी मी तिले सारं हसत हसत सांगितलं. ती बुटाची लेस सोडत होती. लेस तिच्या हातातच राह्यली.

"आई," ती म्हणे, "भरमार."

बस, तेवढंच.

बाहेरच्या माणसाले सांगावं लागते. आमच्या या दोन जिल्ह्यांत भरमार म्हणजे बंदूक. गावठी, नळीत वरून दारू ठासून भरायची. धानातले डुकरं हाकलाले पूर्वी लोक ठेवत. आता कोणाच्या घरी सापडली तं तो माणूस कोणाचा, कोणासाठी ठेवली, आतल्यायले पुरवते का, इथून चौकशी सुरू होते. आतले म्हणजे जंगलातले, सरकारशी लढणारे. आमच्याकडं त्यायचं नाव कोणी घेत नाई, नुसतं मान तिकडं करतात.

अन् मी फोनवर सांगून बसली होती की गाडी घेऊन या.

"कोण असन वो तो?" मी विचारलं.

"पोलीस असू शकते. असंच बोलून पाहतात, अन् माणूस हो म्हणला की उचलतात."

"अन् पोलीस नसन तं?"

तिनं जंगलाकडं मान केली. नसन तं आतले. अन् ज्या घरची पोरगी पोलिसात चालली त्या घरी आतले काय कराले येतात हे मले कोणी सांगाची गरज नव्हती. आमच्या पलीकडच्या गावात एका बापाच्या दारावर चिठ्ठी लागली होती, पोराले नोकरीवरून परत बोलव म्हणून. तो म्हातारा अजून अंगणात बसत नाई.

मले दोन्हीकडून पायलच दिसे. पोलीस आले तं तिची नोकरी गेली. आतले आले तं ती गेली. तो नंबर लावून पाहिला तं एटापल्लीच्या एसटीडी बूथचा निघाला. बूथवाला म्हणे, "दिवसभरात शंभर माणसं येतात बाई, कोण कोण सांगू." पायल जाहिरात काढाले चामोर्शीले पळाली. तिथी लोडशेडिंग. कॅफेचं शटर अर्धं खाली. चार घंटे बसून ती तशीच परत आली, अन् आमची भरमार नेटवर तशीच लटकून राह्यली.

दिवस बुडताना पायलचे बाबा नदीवरून आले. सारं ऐकून घेतलं. मले वाटलं, आता आमच्या दोघींवर ओरडतील. पण ते खाटेवर बसले अन् वर माळ्याकडं पाहत राह्यले.

"काय पाहता अवो?"

"आहे," ते म्हणाले.

"काय आहे?"

"भरमार. माह्या बापाची. माळ्यावर, बोऱ्यात गुंडाळून."

मी त्या घरात बावीस वर्षं चूल पेटवली. माळ्याच्या त्या कोपऱ्यात काहीतरी लांबट आहे हे मले माहीत होतं. काय आहे ते मी विचारलं नव्हतं. माहीत नसल्यासारखं राहाचं म्हटलं तं राहता येते. पण त्या घडीले मले एवढा राग आला की भीतीच विसरली. "अन् हे आता सांगता? उद्या दारात कोण उभं राहते माहीत नाई, अन् तुमी घरात बंदूक घेऊन बसले?"

पायल म्हणे, "बाबा, ठाण्यात जमा करू. आपण होऊन दिली तं काही करत नाईत म्हणतात."

"म्हणतात," मी म्हटलं. "कोण म्हणते? तुह्या व्हेरिफिकेशनच्या हप्त्यात तू बंदूक घेऊन ठाण्यात जाशील? नदीत टाका. डोहात. पहाटेच टाका."

"आई, पण..."

"पण नाई अन् बिण नाई."

पायल उठून आत गेली. तिचे बाबा तं कधी माह्या शब्दाबाहेर जात नाईत. पहाटे डोंग्यात जाळं टाकलं, जाळ्याखाली तो बोरा ठेवला अन् मार्कंड्याच्या देवळाच्या वरच्या अंगाले डोह आहे, तिथी सोडून आले.

मी भिंतीवरची पायलची निवडयादी काढून पिठाच्या डब्यात घातली. धावाचे बूट लपवले. तिले मागच्या खोलीत बसवलं अन् काही झालं तरी बाहेर येऊ नको म्हटलं.

दुपारी अडीच वाजता ते आले. दोघं. एक चाळिशीचा माणूस, हाती कापडी पिशवी, अन् एक बाई. माही नजर आधी पायाकडं गेली, बूट आहेत का म्हणून. माणसाच्या पायात स्लीपर, बाईचे पाय उघडे, धुळीनं भरलेले. मी मानेनंच 'या' केलं.

माणसानं नाव सांगितलं, झिंगू. आश्रमशाळेत शिपाई होता. बाई त्याची बहीण, बुधरी. ती आमच्या मराठीत थोडंच बोले, बाकी भावाशी गोंडीत. मी पाणी दिलं. झिंगूनं पंखे पाहिले, घड्या पाहिल्या, एका लेमन सेटचं झाकण उघडून बंद केलं. मंग म्हणे, "अन् ते?"

"कोणतं ते?"

"लिहिलं होतं ते. शाळेतल्या सरानं कॉम्प्युटरवर दाखवलं, जिल्ह्याचं नाव टाकलं की कुठी काय विकाले आहे ते दिसते. पंखा-टीव्ही लपवाले लिहिलं असन, असं वाटलं."

"कशाले पाहिजे तुमाले?" पायलच्या बाबानं विचारलं. माही तं हिंमतच नव्हती.

झिंगू बहिणीकडं पाहे. ती खाली पाहत होती. मंग तीच बोलली, तुटक तुटक, मधात गोंडी टाकत, अन् तिचा भाऊ ते आमाले सांगे. तिची पोरगी तीन वर्षांआधी आतल्यायसंग गेली. सतराची होती. आता पळून आली. एका नातेवाईकाच्या धानाच्या खोलीत, कणग्याच्या मागं, दहा दिवस झाले बसून आहे. तिले पोलिसांपुढं हजर व्हायचं आहे, पण पळताना हातचं हत्यार तिथीच टाकून आली. अन् गावातल्या एकानं सांगितलं की रिकाम्या हातानं गेली तं खरं धरत नाईत, आतल्यायनंच पाठवलेली आहे म्हणतात. हत्यार पाहिजे.

"नाई चालली तरी चालते," झिंगू म्हणे. "ठेवता आली पाहिजे समोर. आतले तिले शोधून राह्यले बाई. घरोघरी."

सतरा अन् तीन, वीस. मागच्या खोलीत माही बी विसाचीच बसली होती.

पायलचे बाबा माह्याकडं पाहत होते. त्यायचे डोळे अजून लाल होते पहाटेचे. मी जर सांगितलं असतं, बाई, आज सकाळपर्यंत होती, तं काय झालं असतं? ती बाई डोहात उतरली असती, दुसरं काय. अन् उद्या ठाण्यातला माणूस व्हेरिफिकेशनले आला असता. भीती माह्या अंगातून गेली नव्हती, तिनं नुसती कूस बदलली होती.

"नाई बाई," मी म्हटलं. "आमच्या पोरीनं 'भरमार सामान' लिहिलं होतं. शेवटचा शब्द गळला. तसलं आमच्या घरी काही नव्हतं."

बुधरीनं मान हलवली. तिले राग नाई आला. आला असता तं बरं वाटलं असतं मले.

तेवढ्यात पायल बाहेर आली. मी डोळे वटारले तरी आली. "रिकाम्या हातानं गेली तरी घेतात काकू," ती म्हणे. "घेतात. घेत असतीलच." शेवटचं वाक्य तिच्या तोंडातून कसंतरीच निघालं. तिले बी काय माहीत होतं, ती तं अजून ट्रेनिंगले बी गेली नव्हती.

बुधरीनं पायलकडं डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मंग कपड्यांच्या ढिगापाशी गेली अन् एक ड्रेस उचलला. जांभळा, गळ्याले टिकल्या लावलेला, पायलचा बारावीच्या निकालाचा. तो पोरीच्या अंगाले लावून पाहिला, आमच्या पोरीच्या. "माप सेम," ती म्हणे. तिच्या पोरीजवळ अंगावरच्या, आतल्यायच्या हिरव्या कपड्याशिवाय काही नव्हतं. त्या कपड्यात दारातून बाहेर पाय टाकता येत नव्हता.

पैसे मी घेतले नाईत. ओढणी बी दिली. ते चारच्या बसनं गेले. आमी दारात उभे होतो, अन् त्यायचं गाव नेमकं कोणतं हे विचाराचं आमाले तिघांतून एकाले बी सुचलं नाई.

दुसऱ्या दिवशी पायलचे बाबा गळ घेऊन डोहात गेले. मी पाठवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बी गेले. आठ दिवस गेले. लोक विचारत, धनराजभाऊ, काय शोधून राह्यला, ते म्हणत, जाळं अडकलं. डोह खोल आहे, काही सापडलं नाई. अन् सापडलं असतं तरी फोन कोणाले लावणार होतो? नंबर बूथचा होता.

ठाण्यातला माणूस हप्ता उलटून दहाव्या दिवशी आला, चहा प्याला, पाच मिनिटांत गेला. माळ्याकडं त्यानं पाहिलं बी नाई.

पायलची ड्युटी आता तिकडंच आहे, आतल्या बाजूले. हप्त्यातून एकदा फोन लागते. जेवली का, झोपली का, हे विचारून झालं की मी दरवेळी विचारते, "पायल, आपला जांभळा ड्रेस कुठी दिसला का वो?"

"नाई दिसला आई, अजून."

मंग मी 'बरं' म्हणून फोन ठेवते. कारण ड्रेस दिसला तं चालत्या-बोलत्या पोरीच्या अंगावर दिसला पाहिजे, अन् पायलच्या ड्युटीत पोरी नेहमी तशाच दिसत नाईत.