सुधारलेला मेळावा

गेल्या वर्षीच्या कर्मचारी मेळाव्याला आमच्या कामगारांनी पाचपैकी दोन गुण दिले. दोनही जास्तच झाले, असं माझं मत. मासळी गोठवायच्या कारखान्यात आठवडाभर बर्फात हात घालून बसणाऱ्या बायकांना रविवारी बोलवायचं, संगीत खुर्ची खेळायला लावायचं, वर मुंबईच्या वक्त्याकडून तणावमुक्तीचं भाषण ऐकवायचं! एकीने फॉर्मवर लिहिलं होतं, 'आमी काय बारकी पोरं हाव?'

कर्मचारी विभाग माझ्याकडे. मॅनेजर सर्वेश सरांनी फॉर्मांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला.

"मनस्वी, या वर्षी चारच्या खाली आले तर तू घरी."

मला रागही आला आणि चेवही. मी शेडमध्ये जाऊन एकेकीला विचारलं. कोळंबी सोलणारी मैना म्हणाली, "रस्सीखेच ठेवा, मॅडम. गोदामवाल्या बाप्यांना आडवं पाडून दाखवताव."

तिचा नवरा महिपत गोदामातच खोकी उचलायचा. तो हसला. "घरात रोज पाडते, आता चारचौघांत पाडणार हाय."

वीस बायका विरुद्ध दहा पुरुष ठरलं. चुरस वाढावी म्हणून मी शर्त घातली: हरलेल्यांनी आठवडाभर सांडपाण्याची गटारं उपसायची. न येणाऱ्यांची गैरहजेरी लागेल, ही सूचनाही माझ्याच सहीने लागली.

दोर मिरकरवाडा बंदरावरून आणला. नारिंगी, नायलॉनचा. फोटोत उठून दिसेल म्हणून मीच निवडला. आमच्याकडे मासळी उतरवून घेणारे कमालचाचा पूर्वी ट्रॉलरवर तांडेल होते, अख्खी बोट त्यांच्या हुकमात चालायची. त्यांनी दोर हातात घेतला आणि खाली टाकला.

"ह्यो खेचायचा न्हाय, पोरी. ताणला की लांबतो, तुटला की मानूस कापतो. बोटीवर एकाचा पाय नेलेला मी बगितलाय. काथ्याचा आन."

"चाचा, आपल्याला कुठे समुद्रात जायचंय?" मी हसण्यावारी नेलं.

रविवारी सकाळी कारखान्यामागच्या मैदानात पहिला डाव बायकांनी जिंकला, दुसरा पुरुषांनी. तिसऱ्याला सगळा कारखाना बेंबीच्या देठापासून ओरडत होता. मीही. मैना सगळ्यांच्या पुढे होती. बर्फाने मऊ पडलेल्या तिच्या हातांतून दोर निसटायला लागला, तशी तिने त्याचे दोन वेढे उजव्या हाताला घेतले.

"सोड गो मैना, गटार तुमचंच!" पलीकडून महिपत ओरडला आणि त्याने सगळा भार मागे टाकला.

दोर ताणून बारीक झाला. मग बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. पुरुष धाडकन उताणे पडले आणि हसत उठले. जिंकलो, असं वाटलं त्यांना.

मैनाची चार बोटं जांभ्याच्या लाल धुळीत पडली होती. ती ओरडलीच नाही, नुसती हाताकडे बघत राहिली. रक्त तिच्या मागच्या बाईच्या तोंडावर उडालं होतं. कमालचाचांनी धावत येऊन स्वतःचा पंचा तिच्या मनगटाला आवळला. महिपतने हे पाहिलं, आणि शेजारी अजून हसत असलेल्या सोबत्याच्या तोंडावर डोकं हाणलं. तो पडला तरी महिपत त्याच्या छातीवर बसून मारत सुटला. त्याला ओढून काढायला चौघे लागले.

बोटं बर्फात घालून नेली. बर्फाला आमच्याकडे तोटा नाही. पण ती इतकी चिरडली होती, की डॉक्टरांना जोडता आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी माझ्या हातात कागद दिला. कंपनीची सक्ती नसताना मैनाने स्वखुशीने खेळात भाग घेतला, असं त्यात लिहिलेलं.

"सही आण. म्हणजे तिला कामावरून काढताना लफडं नको."

मी हॉस्पिटलात गेले. हो, तो कागद घेऊन गेले.

"मॅडम," मैनाने कॉटवरून विचारलं, "डाव्या हातान कोळंबी सोलाय जमंल ना? कामावर ठेवतील ना?"

मला तिच्याकडे बघवेना. अंग जाळणारी लाज वाटली. महिपतने माझ्या हातातला कागद ओढून वाचला आणि सणसणीत थोबाडीत मारली. माझा कान सुन्न झाला.

"सही मागायला आलीस? तिच्याकडं?"

मी कागद परत घेतला. उलटा करून स्टुलावर ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: येण्याची सक्ती होती, सूचना माझी. गटाराची शर्त माझी. दोर मी निवडला. तो धोक्याचा आहे हे कमालचाचांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. खाली नाव, हुद्दा, तारीख, सही.

"हे लेबर कोर्टात दाखवा," मी म्हटलं. "मग तिला काढणं त्यांना जड जाईल."

मैनाला ऐकू जावं म्हणून महिपत एकेक ओळ मोठ्याने वाचत गेला. चाचांच्या ओळीवर अडखळला. तीच ओळ त्याने पुन्हा वाचली.

"चाचा बोलले व्हते?"

"हो."

"म्हंजे तुला ठावं व्हतं."

"हो."

त्याने कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली. मग मूठ वळून माझ्या तोंडावर हाणली. मी कॉटच्या पायाशी पडले. तोंडात दात सुटा झाला होता.

वरून मैनाचा आवाज आला, "माज्या वाटची पन एक हान."