पुस्तक ठेवा, शेळी धरा

मी एक म्हातारी मेंढी बोलतेय. दात पडलेत, पण जीभ शाबूत आहे, तेव्हा ऐकून घ्या.

पुसेगावच्या एका शेतकऱ्यानं खतासाठी आमचा कळप रानात बसवला होता, तिथे माझा जन्म झाला. मला चाटून पुरं व्हायच्या आतच आई गेली. अशा पोरक्या कोकरांसाठी मेंढपाळ कळपात शेळ्या ठेवतात. पण माझ्या वाट्याची शेळी भलतीच खट! जवळ गेलं की लाथ. मालक पुंजाजी कळप हलवायच्या घाईत होता.

"सोड तिला. न्हाई जगत ती," तो बायकोला म्हणाला.

नर्मदाबाईनं मला पदराखाली घेतलं. "आतडं तुटून राहिलं हो माहं!"

कळमनुरीच्या बाजारात उपदेशाला निघालेले संतराम पाद्री तिथेच सावलीला टेकले होते. हातातलं बायबलचं पुस्तक घेऊनच ते ताडकन उठले.

"बाई, हेच ते! येशूला लोकांची दया आली, असं आम्ही वाचतो. पण मूळ ग्रीक क्रियापद आतड्यावरूनच आलंय. आत पोटात कालवणं! आणि तसं झालं की येशू नुसता हळहळत नाही. आजाऱ्याला हात लावतो, भुकेल्यांना जेवू घालतो..."

इकडे माझा जीव चालला होता आणि पाद्रीबाबांचं निरूपण रंगलं होतं.

"मंग बाबा, काहून बोलत बसले?" नर्मदाबाई म्हणाली. "पुस्तक ठेवा आन शेळीचे पाय धरा."

बाबा हसले. पुस्तक घोंगडीवर ठेवून त्यांनी शेळीचे मागचे पाय धरले. दोन लाथा पोटात खाल्ल्या, पण सोडलं नाही. आणि माझ्या तोंडात दूध आलं, कोमट, गोड. हुश्श! मी जगणार होते. कळमनुरीचा उपदेश मात्र त्या दिवशी राहून गेला.

पुढे माझी लोकर कातरली गेली, मला पिलं झाली. रझाकारांच्या धामधुमीत आम्ही निजामाची हद्द सोडून पैनगंगेपलीकडे गेलो. बाबांचं काय झालं, काही कळेना. नर्मदाबाई त्यांची आठवण काढून डोळे पुसायची.

अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात परतलो आणि परवा बाबा दिसले! केस पिकलेले, पण धडधाकट. नर्मदाबाईला तर हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात कळपात एक पोरकं कोकरू ओरडलं. बाबांनी पुस्तक खाली ठेवलं, बाह्या सारल्या आणि विचारलं, "शेळी कोणती?"

आता मी सुखानं डोळे मिटीन. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आतडं तुटलं, तर फार बोलत बसू नका. कोकरू तोवर उपाशी असतं.