अस्वलाची बाजू

भोंग्याने खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आवाज गेला.’ मग जरा विचार करून खाली लिहिलं, ‘माझा.’

परीक्षक खुर्चीतून उठले. पेशाने ते दातांचे डॉक्टर. वादविवाद स्पर्धेला येताना प्रत्येक शाळेने एक परीक्षक सोबत आणायचा असा नियम होता, आणि त्यांच्या मुलीच्या शाळेत वेळेवर नाही म्हणायला न सुचलेले पालक ते एकटेच. त्यांनी भोंग्याला खिडकीपाशी उजेडात नेलं.

“आ कर.”

भोंग्याने आ केला.

“घसा काही माझा विषय नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण खालची उजवी दाढ लवकर दाखवून घे.”

भोंग्याला भोंगा म्हणत त्याला कारण होतं. सकाळच्या फेरीत त्याचं भाषण शेजारच्या वर्गातल्या परीक्षकांनाही इतकं स्पष्ट ऐकू गेलं की त्यांनी आपल्या कागदावर त्याला गुण देऊन टाकले. आता त्याच गळ्यातून सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखा आवाज येत होता.

पहिल्या बाकावर त्याची प्रतिस्पर्धी बसली होती. शाळेत तिला सगळे कलमबाई म्हणत. स्पर्धेची नियमपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचलेली अख्ख्या इमारतीत ती एकटीच; ज्यांनी लिहिली त्यांनीही ती वाचली असेल याबद्दल तिला शंका होती. ही उपांत्य फेरी होती. आधीच्या दोन्ही वर्षी ती नेमकी इथेच हरली होती, आणि पुढच्या वर्षी ती शाळेत असणार नव्हती. अंतिम फेरी खाली सभागृहात व्हायची, व्यासपीठावर, खऱ्या माइकसमोर. कलमबाईचा आवाज आजवर शिक्षकांच्या टेबलापलीकडे गेला नव्हता.

“समोरचा बोलूच शकत नाही म्हणजे तू जिंकलीस,” मागच्या बाकावरून मामा म्हणाला. तिला गाडीने घेऊन आला होता आणि प्रेक्षकांनी मान डोलवायची नाही हे कळल्यापासून हनुवटी हाताने धरून बसला होता. “झालं की गं. सुंठीवाचून.”

“तसं नाही, मामा. कलम चौदा.”

तिच्या तोंडून ते निघून गेलं. पुढचं वाक्य आवरायला हवं हे तिला कळत होतं, पण कलम अर्धवट सांगणं तिला आजवर जमलेलं नव्हतं.

“स्पर्धकाचा आवाज गेला असेल,” ती सांगत गेली, “तर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं भाषण वर्गात हजर असलेल्या दुसऱ्या कोणत्याही स्पर्धकाने वाचून दाखवावं.”

डॉक्टरांनी वर्गात नजर फिरवली. भोंगा, मामा, कपाटावरचा पृथ्वीचा गोल. नजर कलमबाईवर येऊन थांबली.

“म्हणजे तूच?”

“म्हणजे मीच.”

“आणि तू त्याच्याविरुद्ध बोलणार.”

“आधी माझ्या बाजूने बोलणार. मग त्याच्या बाजूने. मग त्याला उत्तर देणार.”

“स्वतःला,” मामा म्हणाला.

“प्रेक्षकांनी शांत राहावं,” डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात दिवसभर उत्तर न देऊ शकणाऱ्या माणसांशी बोलायची त्यांना सवय होती. इथे मात्र तासभर आपण गप्प बसायचं म्हटल्यावर एवढी एक संधी त्यांनी सोडली नाही.

विषय होता, ‘प्राणिसंग्रहालयं नकोत.’ कलमबाई ‘नकोत’च्या बाजूची. ती टेबलाच्या उजवीकडे उभी राहून बोलली, आणि फर्डं बोलली. पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिवसभर येरझाऱ्या घालणारा वाघ तिने असा उभा केला की मामाने पाय बाकावर घेतले. मग ती टेबलाला वळसा घालून डावीकडे आली. भोंग्याने आपले कागद तिच्या हाती दिले.

अक्षर देखणं होतं. पहिला मुद्दा बरा होता. दुसराही बरा. तिने तो आपल्याच मुद्द्यासारखा, जिथे थांबायचं तिथे थांबून वाचला. उगाच घाईने वाचून वाट लावणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग तिसरा मुद्दा आला. त्यात लिहिलं होतं, ‘शिवाय तिथे प्राण्यांना जेवण वेळेवर मिळतं.’

तिने ते वाचलं. पुढे अर्धं पान वाघाच्या जेवणाच्या वेळा होत्या.

कलमबाई थांबली. चांगल्या शिंप्याला कुणाच्याही सदऱ्यावरची सुटलेली शिवण बघवत नाही, तसं तिचं झालं. बाजू कुणाची का असेना, इतका लुळा मुद्दा तिच्या तोंडून जाणार नव्हता.

“आणि जे अस्वल पिंजऱ्यातच जन्मलं,” ती म्हणाली, कागदावरची नजर न काढता, “त्याला आपण सांगणार, जा, तू सुटलास. ते जाणार कुठे? त्याला ना मध शोधता येतो, ना गुहा. ज्यांनी कोंडलं त्यांनीच हात झटकून घरी जायचं, आणि त्या घरी जाण्याला अस्वलाची सुटका म्हणायचं?”

कागदावर अस्वल नव्हतं. भोंग्याने मान वर केली.

उरलेलं तिने जसंच्या तसं वाचलं आणि पुन्हा उजवीकडे आली. आता उत्तर द्यायचं होतं. पहिला मुद्दा तिने खोडला, दुसऱ्याची सालं काढली, जेवणाच्या वेळा एका वाक्यात उडवल्या. राहिलं अस्वल. तिने त्याच्याकडे एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. पाणी प्यायली. अस्वल बसून होतं.

“माझं बोलणं संपलं,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. “दोघंही छान बोलले,” असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. “पण अस्वलाला उत्तर मिळालं नाही. निकाल विरोधी बाजूने.”

भोंगा खुश व्हायला हवा होता. तो फळ्याकडे गेला आणि त्याने लिहिलं, ‘अस्वल माझं नाही.’

डॉक्टरांनी फळा वाचला, मग कलमबाईकडे पाहिलं. “याच्यावर काही कलम आहे का?”

“सोळा,” ती म्हणाली. “वाचणाऱ्याने मजकुरात भर घातली तर ते भाषण बाद.”

“भाषण त्याचं. म्हणजे बाद तो. म्हणजे जिंकलीस तू.”

“हो.”

“भर घातली तू.”

“हो.”

डॉक्टर खुर्चीत टेकले. दाढ काढताना अख्खा जबडा हातात यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“आक्षेप घ्यायचा हक्क मात्र ज्या बाजूचं नुकसान झालं तिलाच आहे,” कलमबाई म्हणाली. “म्हणजे मला.”

“मग घे की,” मामा म्हणाला. हनुवटी त्याने कधीच सोडली होती. “घे गं. तुझाच हक्क आहे.”

खालून सभागृहात कुणीतरी माइक तपासत होतं. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. कलमबाईने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने आपले कागद गोळा केले आणि टेबलावर आपटून त्यांच्या कडा जुळवल्या.

“माझ्या बाजूचं नुकसान झालं नाही,” ती म्हणाली. “माझ्या बाजूकडे उत्तर नव्हतं. आक्षेप नाही.”

डॉक्टरांनी निकालावर सही केली आणि ते निघून गेले.

व्हरांड्यात मामा तिच्याबरोबर चालत राहिला. “एवढंच सांग, घरी फोन करून काय सांगू? हरली की जिंकली?”

“दोन्ही सांग.”

“तुझी आई विचारेल, आधी काय.”

मागून धावत आलेल्या भोंग्याने तिला गाठलं आणि हातात कागद कोंबले. अंतिम फेरीचं भाषण, विषय गृहपाठाचा. घसा तसाच होता. त्याने एक बोट तिच्याकडे केलं, मग खाली सभागृहाकडे.

कलमबाईने उभ्याउभ्याच पानं चाळली. पहिला मुद्दा होता, दुसरा होता. ‘तिसरा मुद्दा’ असं देखण्या अक्षरात लिहून त्याखाली त्याने अर्धं पान कोरं ठेवलं होतं.

“हे असं चालणार नाही,” ती म्हणाली. “मी वाचताना एक शब्दही जास्तीचा घालणार नाही. या खेपेला तर नाहीच.”

भोंग्याचे खांदे पडले.

“कलम म्हणतं, मजकूर स्पर्धकाच्या हातचा असावा.” तिने कागद भिंतीला लावून धरले आणि आपल्या पेनाचं टोपण काढून पेन त्याच्यापुढे केलं. “हातचा. डोक्यातला कुणाच्या, ते विचारलेलं नाही. लिही.”