पारडी बदलून बघा

हरणाबाई वडूजच्या बाजारात हुलगे-मटकी विकायची, आणि तिच्या जिभेला भिऊन भलेभले व्यापारी लांबून जायचे. ही बाई अडुसष्ट साली लेकाचं इंजिन बघायला थेट सांगलीच्या कॉलेजात येऊन बसली. का नाही बसायचं? लेक तिचा होता!

इंजिन म्हणजे मुठीत मावेल एवढा डबा. पाऱ्याची वाफ करायची, विजेच्या जोरानं ती मागं फेकायची, की डबा पुढं सरकणार. अवकाशातली यानं एक दिवस अशीच चालतील, असं तिचा जालिंदर तीन वर्षं सांगत होता. काचेच्या हंडीत बारीक तारेला आडवी काडी टांगली होती आणि तिच्या टोकाला डबा. पैसा पुरवणाऱ्या मुंबईच्या साहेबांना आज पटलं तरच काम पुढं चालणार होतं.

हंडीतली हवा काढून वीज सोडली. निळसर उजेड पडला, काडी उजवीकडं वळली.

"तार तापून पिळली असेल," साहेब म्हणाले. "हा जोर इंजिनाचाच कशावरून?"

जालिंदरचं तोंड उतरलं. हरणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आवं साहेब, काट्यावर इस्वास नसला तर गिऱ्हाईक काय करतं? पारडी बदलून तोलाया लावतं! काट्यात खोट असंल तर तितंच उघडी पडती. जालिंदर, डबा उलटा बसीव!"

जालिंदर तिच्या कानाशी आला. "आये, तारच पिळत असंल तर काडी परत उजवीकडंच जाईल. मग समदं संपलं."

हरणाबाई म्हणाली, "मग संपू दे. खोट्या काट्यावर माझा ल्योक उभा ऱ्हायाचा न्हाई."

डबा उलटा बसवला. हवा काढायला पुन्हा दोन तास गेले. तेवढ्यात बाईनं साहेबांना भाकरी-ठेचा खायला लावला, नको म्हणायची त्यांची काय टाप!

वीज सोडली. काडी हलेना. हरणाबाईनं पदर तोंडात धरला. मग काडी हळूच, अगदी सावकाश डावीकडं निघाली.

साहेब उठून उभे राहिले. "काम चालू ठेवा," म्हणाले. "जोर किती भरतो?"

"कागदाच्या कपट्याच्या वजनाइतका," जालिंदर खाली मान घालून म्हणाला.

"मान वर कर रं!" हरणाबाई कडाडली. तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. "कपट्याइतका हाय, पर दोन्ही पारड्यांत खरा उतारलाय!"